एशू पुढे, ओशाला मागे: रिओच्या सांबा मिरवणुकीतले आफ्रिकी देव

एप्रिल २०२२. कोविडमुळे दोन महिने पुढे ढकललेला रिओ द जानेरोचा कार्निव्हल अखेर सुरू झाला होता. 'ग्रांदे रिओ' ही सांबा शाळा, म्हणजे मिरवणुकीच्या स्पर्धेत उतरणारं वस्तीचं मंडळ, रिओच्या वेशीबाहेरच्या दुके दे काशियस या कष्टकऱ्यांच्या शहरातली. मोठमोठे सिनेनट तिच्यात नाचायचे, पण अजिंक्यपद तिला एकदाही मिळालं नव्हतं. त्या रात्री मिरवणुकीच्या तोंडाशीच पृथ्वीच्या गोलावर चढून एक अभिनेता मोठमोठ्याने हसत होता, अंग घुसळत होता, प्रेक्षकांना डिवचत होता. देमेर्सन दाल्वारो हे त्याचं नाव आणि त्याची भूमिका होती एशू या आफ्रिकी देवाची. ब्राझीलमधली कितीतरी चर्चवाली मंडळी या एशूला सरळ सैतान म्हणतात. गुण मोजले गेले आणि ग्रांदे रिओ पहिल्यांदा जिंकली.

आपल्याकडच्या बातम्यांत रिओचा कार्निव्हल म्हणजे पिसं, चमचम आणि उघडी अंगं. छायाचित्रकारांना तेवढंच हवं असतं, त्यामुळे त्यांचाही दोष नाही. पण त्या मिरवणुकीत प्रत्येक शाळा एक गोष्ट सांगत असते आणि गेली कित्येक वर्षं त्यातल्या बहुतेक गोष्टी आफ्रिकेतून आलेल्या देवांच्या, राण्यांच्या, पळून गेलेल्या गुलामांच्या असतात. कुणाला वाटेल, रंगीबेरंगी विषय म्हणून आफ्रिका घेतली असेल. तसं नाही. ओरिशांची, म्हणजे या आफ्रिकी देवांची, पूजा आणि सांबा शाळा या दोन गोष्टी एकाच अंगणात, त्याच बायकांच्या देखरेखीखाली वाढल्या. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं कोडं उलगडायला वेळ लागत नाही.

कोण आलं, कुठून आलं

अटलांटिक ओलांडून जेवढी आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून नेली गेली, त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त, म्हणजे जवळपास ४८ लाख, एकट्या ब्राझीलमध्ये उतरली. गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी. अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. रिओच्या बंदरात वालोंगो नावाचा धक्का होता. १८११ ते १८३१ या काळात तिथे उतरवलेल्या माणसांचा आणि तिथल्या बाजाराचा हिशोब अंगावर काटा आणतो. युनेस्कोच्या अंदाजानुसार वालोंगोमार्गे सुमारे ९ लाख माणसं दक्षिण अमेरिकेत आली. पुढे ब्राझीलच्या सम्राटाच्या होणाऱ्या बायकोच्या स्वागतासाठी त्या धक्क्यावर नवं बांधकाम करून तो झाकला गेला, मग त्यावर आणखी शहर चढलं. २०११ मध्ये ऑलिंपिकपूर्वीच्या खोदकामात त्याचे दगड पुन्हा उघडे पडले आणि २०१७ मध्ये तो जागतिक वारसा ठरला.

इथे एक बारकावा आहे, तो सहसा सुटतो. रिओत आलेली बहुतांश माणसं काँगो-अंगोला भागातली, बांटू भाषा बोलणारी होती. ओरिशा मात्र योरुबा लोकांचे देव. हे लोक आजच्या नायजेरिया आणि बेनिनमधले, आणि ते मोठ्या संख्येने उतरले उत्तरेकडे, बाहियात, साल्वादोर शहरात. तेव्हा रिओचा सांबा देहाने बराचसा बांटू आहे. त्याचं कमरेचं वळण, गोल करून मध्ये एकेकाने नाचणं, हे तिकडचं. देवांच्या कथा मात्र बाहियामार्गे आल्या. त्यामुळे मिरवणुकीत सगळी आफ्रिका जणू योरुबाच होती असं चित्र उभं राहतं. मांगेरा या जुन्या शाळेने २०२५ मध्ये मुद्दाम रिओतल्या बांटू लोकांची गोष्ट घेतली, ती हे पारडं थोडं सरळ करायला.

ओरिशा म्हणजे काय

ओरिशा हे निसर्गाच्या आणि माणसाच्या स्वभावातल्या शक्तींचे धनी. एशू हा निरोप्या, चव्हाट्याचा मालक. त्याच्याशिवाय माणसाचं बोलणं देवांपर्यंत पोचत नाही. ओगुम लोखंडाचा आणि वाट काढणारा. ओशोसी शिकारी. शांगो विजेचा आणि न्यायाचा, हातात दुधारी परशू. यान्सां, म्हणजेच ओया, वादळवाऱ्याची. ओशूं गोड्या पाण्याची, सोन्याची, आरशाची. येमांजा समुद्राची. ओमोलू रोग देणारा आणि बरा करणारा; तो गवताच्या झापांनी चेहरा झाकतो आणि त्याला मक्याच्या लाह्या वाहतात. ओशाला सगळ्यांत वृद्ध, पांढऱ्या वस्त्रातला, माणसांची शरीरं घडवणारा. या सगळ्यांच्या वर ओलोरुं आहे, पण तो रोजच्या व्यवहारात पडत नाही.

आफ्रिकेत हे देव गावोगाव वाटलेले होते. शांगो ओयो राज्याचा, ओशूं ओशोग्बोच्या नदीची, ओशोसी केतूचा. गुलामांच्या जहाजात मात्र सगळ्या गावांची माणसं एकत्र कोंबली गेली. साल्वादोरमध्ये मोकळं होत गेलेल्या काळ्या बायकांनी एकोणिसाव्या शतकात जी देवघरं उभी केली, तिथे एकाच छपराखाली सगळे देव बसवले गेले. या उपासनेला कांदोम्ब्ले म्हणतात आणि तिच्या जागेला तेरेरो. साल्वादोरचं 'कासा ब्रांका' हे सगळ्यात जुन्या तेरेरोंपैकी एक; १९८४ मध्ये ब्राझील सरकारने त्याला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. कांदोम्ब्लेत वेगवेगळी घराणी आहेत: योरुबांचं केतू, बेनिनच्या फोन लोकांचं जेजे (त्यांचे देव वोदूं), बांटूंचं अंगोला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिओच्या परिसरात उम्बांडा नावाचा आणखी एक पंथ रुजला. त्यात ओरिशा आहेत, कॅथलिक संत आहेत, फ्रान्सहून आलेला आत्म्यांशी बोलण्याचा प्रकारही आहे.

मालकांच्या आणि पोलिसांच्या नजरेतून वाचायला संतांच्या मूर्तींचा आडोसा घेतला गेला. रिओत ओगुम सेंट जॉर्ज झाला, ओशोसी सेंट सेबॅस्टियन. हा निव्वळ मुखवटा राहिला नाही, पुढे दोन्ही श्रद्धा खऱ्या अर्थाने मिसळल्या. २३ एप्रिलला, सेंट जॉर्जच्या दिवशी, रिओ राज्यात सार्वजनिक सुट्टी असते आणि चर्चसमोरच्या रांगेत लाल कपडे घालून उभ्या असलेल्या माणसाला 'तू नेमका कुणाला भेटायला आलास' असं विचारण्यात अर्थ नसतो.

तेरेरोतला मुख्य सोहळा म्हणजे शिरे. भक्त गोल करून, घड्याळाच्या उलट्या दिशेने, नाचत फिरतात. तीन उभे ढोल, रुं, रुंपी आणि ले, आणि एक लोखंडी घंटा अशी साथ असते. एशूला आधी नैवेद्य देऊन वाटेला लावतात, मग क्रमाने एकेका देवाची गाणी होतात, शेवट ओशालाने. प्रत्येक देवाचा ठेका निराळा: शांगोचा अलुजा, ओमोलूचा ओपानिजे, ओशोसीचा अगेरे, ओशूंचा मंद डुलता इजेशा. संबळ घुमलं की देवीचा गोंधळ आणि दिमडी वाजली की खंडोबाचं जागरण हे आपल्याला न बघता कळतं, तसंच हे. ठेका बदलला की त्या देवाचं ज्याच्या अंगात येतं तो थरथरू लागतो आणि मग त्याला देवाचे कपडे चढवून पुन्हा आणतात.

सिआता मावशीचं घर

बाहियात काम मिळेनासं झालं तशा काळ्या कुटुंबांनी रिओ गाठलं. बंदराजवळच्या वस्त्यांत आणि पुढे प्रासा ओंझे या चौकाभोवती ही मंडळी स्थिरावली. त्या भागाला नंतर 'छोटी आफ्रिका' हे नाव पडलं. वस्तीचा कणा होत्या बाहियाहून आलेल्या थोराड बायका. त्यांना सगळे 'तिया', म्हणजे मावशी, म्हणायचे. त्यातली सगळ्यात नावाजलेली हिलारिया बातिस्ता दे आल्मेदा, ऊर्फ तिया सिआता. जन्म १८५४ चा, बाहियातला. रिओत ती घेरदार झगा, खांद्यावर शाल, डोक्याला फेटा बांधून रस्त्यावर मिठाई विकायची. ती ओशूंची भक्त होती आणि जुआंव आलाबा या धर्मगुरूच्या तेरेरोत मोठ्या अधिकारावर होती.

तिच्या घराची रचना बघण्यासारखी आहे. पुढच्या दिवाणखान्यात बासरी-गिटारवर सभ्य लोकांना चालतील असे नाच. मागच्या खोल्यांत सांबा. आणखी मागे, अंगणात, देवाचे ढोल. पोलीस दारात आले तर त्यांच्या कानावर आधी दिवाणखाना पडायचा. १८९० च्या दंडसंहितेत जादूटोणा आणि आत्मे बोलावणं गुन्हा होता, कापुएरा हा नाचाच्या अंगाने जाणारा लढतीचा खेळ खेळणंही गुन्हा होता, तेव्हा ही सावधगिरी चैनीची नव्हती. असं सांगतात की राष्ट्राध्यक्ष वेन्सेस्लाव ब्रास यांच्या पायाची जखम डॉक्टरांना दाद देत नव्हती, ती सिआताच्या झाडपाल्याने भरली; त्या उपकारापोटी तिच्या नवऱ्याला पोलिसप्रमुखांच्या कचेरीत नोकरी मिळाली आणि घराकडे कुणी वाकडी नजर केली नाही. दंतकथेचा भाग यात किती असेल तो असो, पण संरक्षण कुठून मिळवायचं याची जाण त्या गोष्टीत पक्की आहे.

याच घरातल्या बैठकांमधून १९१६ मध्ये एक गाणं बाहेर पडलं. 'पेलो तेलेफोने', फोनवरून. दोंगा या तरुण संगीतकाराने ते राष्ट्रीय ग्रंथालयात स्वतःच्या नावाने नोंदवलं आणि सांबा म्हणून नोंद झालेलं ते पहिलं गाजलेलं गाणं ठरलं. बैठकीतल्या सगळ्यांनी मिळून रचलेलं गाणं एकट्याचं कसं, यावर तेव्हाच भांडण झालं.

सिआता १९२४ मध्ये गेली. चार वर्षांनी जवळच्याच एस्तासियो वस्तीत इस्माएल सिल्वा आणि मित्रांनी 'देशा फालार' नावाचं मंडळ काढलं. सांबा शाळा हे नाव तिथून चालू झालं. तोवरचा सांबा गोलात नाचायचा होता, यांना रस्त्यावरून चालत जायचं होतं. चालायला दणकट ठेका लागतो. बिदे नावाच्या वादकाने लोण्याच्या मोठ्या रिकाम्या डब्यावर चामडं ताणून सुर्दो हा खर्जाचा ढोल केला, असं सगळे जुने लोक सांगतात. पहिली स्पर्धा १९३२ मध्ये एका क्रीडा वर्तमानपत्राने प्रासा ओंझेत भरवली, मांगेरा जिंकली. १९३५ पासून सरकारी मान्यता मिळाली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत सरकारनेच रुंद रस्त्यासाठी प्रासा ओंझेचा बराचसा भाग पाडून टाकला.

मिरवणुकीची वीण

सांबा शाळेत वर्ग नसतात, फळा नसतो. ती एका वस्तीची संस्था आहे. रिओत वरच्या गटात बारा शाळा असतात, शेवटी येणारी खाली ढकलली जाते. १९८४ पासून मिरवणूक सांबोद्रोमोत निघते: ऑस्कर निमायर यांनी आखलेला, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या पायऱ्या असलेला, साधारण ७०० मीटर लांबीचा रस्ता. तीनेक हजार माणसं, पाच-सहा अवाढव्य रथ, अडीचशे-तीनशे वादक, आणि हे सगळं सव्वा तासाच्या आसपास पार व्हायला हवं; उशीर झाला की गुण गेले.

प्रत्येक शाळा दरवर्षी एक कथासूत्र निवडते, त्याला एनरेदो म्हणतात. त्यावर नवा सांबा लिहिला जातो आणि सगळी शाळा तो अख्खा वेळ पुन्हा पुन्हा गाते. कथेपासून कपड्यांपर्यंत सगळं रचणारा माणूस म्हणजे कार्नावालेस्को. परीक्षक नऊ गोष्टींना गुण देतात: ढोलवादन, गाणं, गाण्याचा मेळ, चालण्याचा ओघ, कथा, रथ, पोशाख, अगदी पुढची नाट्यतुकडी, आणि झेंडा मिरवणारं जोडपं. गुण दहातून दशांशाने कापले जातात, आणि कित्येकदा एका दशांशावर अजिंक्यपद जातं.

एक तुकडी मात्र अशी आहे की तिला स्वतंत्र गुण नाहीत, तरी ती नसली तर शाळेला दंड होतो. बाहियानांची. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायका, घेरदार झगे, फेटे, आणि पूर्ण रस्ताभर गिरक्या. हा पोशाख सिआता मावशीचा, म्हणजे बाजारात मिठाई विकणाऱ्या आणि रात्री देवघर चालवणाऱ्या बाईचा. माझ्या मते अख्ख्या मिरवणुकीत बघण्यासारखं काही असेल तर हे. शाळा सरळ रेषेत चालते, कारण स्पर्धेला सुरुवात आणि शेवट लागतो; बाहियाना मात्र तेरेरोतलं गोल फिरणं सोबत घेऊन त्या रेषेवरून पुढे जातात. त्या झग्यांचं वजन पेलून, एप्रिल असो की फेब्रुवारी, रिओच्या उकाड्यात. कार्निव्हलच्या आधी याच बायका सुगंधी पाण्याने आणि धूपाने सांबोद्रोमो धुऊन काढतात, साल्वादोरच्या बोन्फिं चर्चच्या पायऱ्या दर जानेवारीत धुतात तशा.

ढोलांतही देव राहिले. मोसिदादे आणि पोर्तेला या शाळांच्या छोट्या ढोलांचा ठेका ओशोसीच्या अगेरेतून उचलला आहे, असं वादक सांगतात. सालगेरो शाळा लाल-पांढऱ्या रंगाची, तिचा पाठीराखा शांगो. इंपेरिओ सेर्रानो सेंट जॉर्जची, म्हणजे ओगुमची. परक्या प्रेक्षकाला सगळ्या शाळांचा ढोल एकसारखाच वाटतो, आणि पहिली काही वर्षं तसं वाटलं तर हरकत नाही.

देव आधीपासून होते, गोष्टीत उशिरा आले

गंमत अशी की आफ्रिका शाळांच्या पायात, पोशाखात, ढोलात असताना सुरुवातीची जवळपास तीस वर्षं कथेत तिला फारसं स्थान नव्हतं. सरकारमान्य व्हायचं तर देशभक्तीचे विषय घ्या, ही अपेक्षा होती. त्यामुळे काळी माणसं पांढरे टोप लावून ड्यूक, सेनापती आणि पोर्तुगीज राजांच्या कथा नाचवत होती.

हे उलटवलं सालगेरोने. १९६० मध्ये ललितकला महाविद्यालयात शिकवणाऱ्या फेर्नांदो पांप्लोना यांनी तिच्यासाठी 'किलोंबो दोस पाल्मारेस' हा विषय घेतला. पाल्मारेस म्हणजे सतराव्या शतकात पळालेल्या गुलामांनी ईशान्येच्या डोंगरात वसवलेलं स्वतंत्र राज्य. त्याचा शेवटचा नेता झुंबी २० नोव्हेंबर १६९५ रोजी मारला गेला. शाळेतल्या काही जणांनाच गुलाम म्हणून नाचणं पटत नव्हतं, राजाचे कपडे सोडून कोण गोणपाट घालणार? तरी शाळा गेली, आणि त्या वर्षीच्या विभागून दिलेल्या अजिंक्यपदात तिचा वाटा होता. १९६३ मध्ये 'शिका दा सिल्वा' या गुलामगिरीतून वर आलेल्या बाईच्या कथेवर तिने एकहाती बाजी मारली. ज्या झुंबीचं नाव तेव्हाच्या शाळकरी पुस्तकांत धड नव्हतं, ते लोकांनी आधी सांब्यात ऐकलं. आज २० नोव्हेंबर ही ब्राझीलभर राष्ट्रीय सुट्टी आहे.

पुढचे टप्पे भराभर सांगतो. १९७८ मध्ये बेजा-फ्लोरने योरुबांची विश्वोत्पत्तीची कथा घेऊन अजिंक्यपद मिळवलं. १९८८ मध्ये, गुलामगिरी संपल्याच्या शताब्दीला, विला इझाबेल 'किझोंबा' ही काळ्या लोकांच्या उत्सवाची कथा घेऊन जिंकली. दुसऱ्या आलेल्या मांगेराच्या कथेचं शीर्षकच विचारत होतं की शंभर वर्षांचं स्वातंत्र्य खरं की भास. २०१६ मध्ये मांगेरा गायिका मारिया बेथानिया आणि तिची देवता ओया यांच्यावर जिंकली. २०२२ मध्ये एशू. २०२४ मध्ये विराडोरो बेनिनच्या नागदेवतेवर आणि तिथल्याच जुन्या दाहोमी राज्याच्या स्त्री-योद्ध्यांवर जिंकली. २०२५ मध्ये तर बारापैकी बहुतेक शाळांचे विषय काळ्या ब्राझीलचे होते. या लाटेमागे नुसती फॅशन नाही. २००३ च्या कायद्याने मुलांच्या शाळांत आफ्रिकी इतिहास शिकवणं सक्तीचं झालं, विद्यापीठांत राखीव जागा आल्या, आणि त्या पिढीतले संशोधक आता सांबा शाळांसाठी कथा लिहितात.

एक कथा जवळून

देवाची कथा रथांवर कशी चढते ते पाहायला इंपेराट्रिझ शाळेची २०२५ ची मिरवणूक घेऊ. कार्नावालेस्को लेआंद्रो व्हिएरा. कथा तेरेरोत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी.

म्हाताऱ्या ओशालाला ओयोचा राजा शांगो याला भेटायची ओढ लागते. कौल लावणारा सांगतो, जाऊ नकोस. ओशाला हट्ट धरतो. बरं, मग पांढऱ्या कपड्यांचे तीन जोड घे, साबण घे, आणि वाटेत कुणी काही मागितलं तर नाही म्हणू नकोस, काही झालं तरी तक्रार करू नकोस. वाटेत एशू भेटतो. 'आजोबा, जरा ओझं उचलू लागा.' ओशाला वाकतो आणि एशू त्याच्या अंगावर पामतेल सांडतो. तो नदीत आंघोळ करून कपडे बदलतो. पुढे पुन्हा एशू, यावेळी कोळसा. आणखी पुढे पुन्हा तेल. तिन्ही जोड संपतात. मळक्या कपड्यांनिशी तो ओयोच्या सीमेवर पोचतो तर समोर शांगोचा सुटलेला घोडा. हा घोडा त्यानेच कधीकाळी शांगोला दिलेला. तो प्रेमाने त्याला धरतो, आणि राजाचे शिपाई चोर म्हणून त्याला झोडपून तुरुंगात टाकतात. सात वर्षं. राज्यात पाऊस थांबतो, पिकं जळतात, बायकांना मुलं होत नाहीत. शेवटी शांगो कौल लावतो आणि कळतं की एक निरपराध म्हातारा कोठडीत आहे. राजा स्वतः जातो, ओळखतो, आणि हुकूम देतो: सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे, एक शब्द न बोलता पाणी आणायचं आणि ओशालाला धुवायचं.

साल्वादोरच्या तेरेरोंमध्ये 'ओशालाचं पाणी' हा वार्षिक विधी याच कथेवर चालतो. इंपेराट्रिझने त्याची मिरवणूक केली: पांढऱ्यापासून सुरुवात, मग एशूच्या भेटींचे रंग, ओयोचं शांगोमय लाल, आणि अखेर पाणी. स्पर्धेत ती तिसरी आली. या कथेत एशू खलनायक नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. कौल न जुमानणाऱ्या म्हाताऱ्याला त्याच्या हट्टाची किंमत मोजायला लावणं हेच त्याचं काम आहे. मिशनऱ्यांनी जगाची देव आणि सैतान अशी दोन फळ्यांत वाटणी केली, तिथे असा देव कुठेच बसेना, म्हणून त्याला शिंगं चिकटवली.

ग्रांदे रिओची २०२२ ची कल्पना म्हणूनच धारदार होती. काशियसमध्ये जार्दिं ग्रामाशो ही रिओच्या कचऱ्याची अवाढव्य क्षेपणभूमी होती. २०१२ मध्ये ती बंद झाली. तिथे कचरा वेचणारी एस्तामिरा नावाची बाई एशूशी जणू दूरध्वनीवर बोलत असे, तिच्यावर माहितीपटही निघाला. कार्नावालेस्को गाब्रिएल हादाद आणि लेओनार्दो बोरा यांनी मिरवणुकीच्या शीर्षकातच तिची हाक घेतली आणि एशूला कचऱ्याच्या डोंगरापर्यंत नेलं. जिथे टाकून दिलेल्याचं काहीतरी बनतं, तिथे हा देव असणारच.

गांधींची पोरं

साल्वादोरच्या कार्निव्हलमध्ये शाळांच्या स्पर्धेऐवजी रस्त्यावरच्या गर्दीत चालणारे गट असतात. त्यात आफोशे हा प्रकार म्हणजे तेरेरोतलं संगीत थेट रस्त्यावर. सगळ्यात प्रसिद्ध आफोशेचं नाव आहे 'फिल्योस दे गांधी', गांधींची मुलं. फेब्रुवारी १९४९ मध्ये तिथल्या गोदी कामगारांनी तो काढला. कामगार संघटनांवर सरकारची करडी नजर होती. आदल्या वर्षी गांधीजींचा खून झाला होता. शांततेचं नाव घेऊन निघालं तर पोलीस अडवणार नाहीत, हा हिशोब. पांढरी वस्त्रं, डोक्याला टॉवेलचा फेटा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा, ठेका ओशूंचा इजेशा, आणि निघण्याआधी एशूला नैवेद्य. पांढऱ्या कपड्यातला शांत म्हातारा म्हटल्यावर ओशालाच्या भक्तांना गांधीजी परके वाटणं शक्यच नव्हतं. सत्तरच्या दशकात हा गट मोडकळीला आला, तेव्हा गायक झिल्बेर्तो झिल त्यात सामील झाले आणि त्याला पुन्हा उभारी आली. आज हजारो पुरुष त्यात चालतात.

गोव्याचा कार्निव्हलही त्याच पोर्तुगीज मुळाचा, कार्निव्हलचा राजा किंग मोमो तिथेही आणि रिओतही गादीवर बसतो. ढोलातली आफ्रिका मात्र ब्राझीलचीच कमाई.

भांडणं संपलेली नाहीत

मिरवणुकीत देवांचा जयजयकार होतो म्हणून बाहेर सगळं आलबेल आहे असं नाही. तेरेरोंवर छापे घालून पोलिसांनी जप्त केलेल्या पूजेच्या वस्तू रिओत कित्येक दशकं पोलीस संग्रहालयात गुन्ह्याचा मुद्देमाल म्हणून पडून होत्या. भक्तांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०२० मध्ये त्या पाचशेहून अधिक वस्तू प्रजासत्ताक संग्रहालयात हलवल्या गेल्या. २०२२ च्या जनगणनेत जवळपास २७ टक्के ब्राझिलियनांनी स्वतःला इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट पंथांचे ख्रिस्ती, म्हटलं. कांदोम्ब्ले आणि उम्बांडा सांगणारे जेमतेम १ टक्का, तेही आधीच्या ०.३ टक्क्यावरून वाढून. रिओच्या गरीब उपनगरांत तेरेरोंची मोडतोड होते, काही वस्त्यांत गुंडांच्या टोळ्याच धर्माच्या नावाखाली ढोल बंद करतात. मार्सेलो क्रिवेला हे एका मोठ्या इव्हँजेलिकल चर्चचे बिशप २०१७ ते २०२० रिओचे महापौर होते. त्यांनी शाळांचं अनुदान निम्म्यावर आणलं. कारण बालवाड्यांना पैसे हवेत असं दिलं गेलं. शाळांनी त्यावर विश्वास ठेवला नाही.

शाळाही धुतल्या तांदळाच्या नाहीत. आकड्यांच्या जुगाराचे धनी अनेक शाळांचे आश्रयदाते राहिले आहेत आणि १९८४ मध्ये शाळांचा संघ स्थापन करण्यात त्यांचाच पुढाकार होता. महागडे पोशाख विकत घेऊन पर्यटक नाचतात. देवघरातल्या जाणत्यांचं यावर एकमत नाही: काहींना देव असे दिव्यांच्या झगमगाटात आणणं पटत नाही, बरेच जण म्हणतात की आणा, पण विचारून आणा. म्हणून शाळा सहसा आधी धर्मगुरूंकडे जातात, परवानगी मागतात, नैवेद्य देतात. रस्त्यावर दिसतो तो देवाची भूमिका करणारा नर्तक. अंगात येणं, दीक्षा, आतले मंत्र हे तेरेरोतच राहतं.

परीक्षकांचा पेच वेगळाच. २०२५ मध्ये उनिदोस दे पाद्रे मिगेल या शाळेने साल्वादोरच्या कासा ब्रांकाची आणि तिच्या मूळ धर्ममातेची कथा घेतली. एका परीक्षकाने गाण्यात योरुबा शब्द फार झाल्याचं कारण देऊन गुण कापला. शाळेने दाद मागितली, मिळाली नाही, आणि ती खालच्या गटात गेली. गुण इतरही बाबतीत गेले होते हे खरं, पण योरुबा देवघराची गोष्ट योरुबा शब्दांशिवाय कशी सांगायची होती, हे त्या परीक्षकाने लिहिलं नाही.

पुढचा कार्निव्हल इंटरनेटवर बघायचा असेल तर थोडं आधी त्या वर्षाच्या कथासूत्रांचा सारांश वाचून घ्या, नाहीतर रथ नुसते रथ दिसतील. पुढची नाट्यतुकडी चुकवू नका, तिथे बहुधा सगळी कथा आलेली असते. ढोलांचा ठेका मध्येच मंद, डुलता झाला तर तो इजेशा असण्याची शक्यता आहे. त्या वेळी कोणता रथ समोर आहे ते पाहा. रविवारी रात्री दहाला रिओत पहिली शाळा सुटते तेव्हा आपल्याकडे सोमवारचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. निकाल बुधवारी दुपारी, म्हणजे आपल्या मध्यरात्रीच्या पुढे, एकेक दशांश मोठ्याने वाचून जाहीर होतो.